बाळकाकांचे दोन दात

ॲन आर्बर, १९ जानेवारी

आदरणीय डॉ. नैना खानविलकर यांस,

नमस्कार. आपली ओळख नाही, तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचावे, एवढीच पहिली विनंती.

तुम्ही वडिलांना पाठवलेले खोके मंगळवारी पोहोचले. ते सुखरूप आहे. पुढचे वाक्य लिहायला मात्र मला थोडा धीर गोळा करावा लागतो आहे: ते अजून उघडलेले नाही. वरच्या कपाटात, रेखाकाकूंच्या पुरणयंत्राशेजारी, जसे आले तसे बसून आहे.

मी सुनेत्रा. गेल्या ऑगस्टपासून बाळकाकांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते. मी मूळची मंगळवेढ्याची. शाळा मराठी झाली, आता इथल्या विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकते आहे. तुम्हाला फोन करणे अधिक सोपे होते, हे मला कळते. पण अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचे म्हटले की माझी वाक्ये घशातच विरतात, आणि इंग्रजीत तर ती घशापर्यंतही येत नाहीत. कागदावर मात्र मला बोलता येते. तुम्हाला मराठी वाचता येते हे काकांकडूनच समजले. तुमच्या लहानपणी दर रविवारी या घराच्या बेसमेंटमध्ये भरणाऱ्या मराठीच्या वर्गात तुम्ही बाराखडी सर्वांच्या आधी पाठ केली होती, हे ते घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला अजून सांगतात. एरवी ते तुमचे नाव घेत नाहीत. म्हणजे घेतात, पण मग वाक्य अर्धवट सोडून खिडकीतून बर्फाकडे पाहतात.

खोके आले तेव्हा त्यांनी विचारले, “कुणाचं आहे?”

“नैनाताईंचं, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीहून. वॉटर फ्लॉसर लिहिलंय, काका. पाण्याच्या धारेनं दातांच्या कडा धुवायचं यंत्र असतं.”

“मला काय करायचंय ते? टायटॅनियम आहे माझ्या तोंडात. एरोप्लेनमध्ये वापरतात. त्याला काय होतंय!”

हे शेवटचे वाक्य या घरात जेवणाआधीच्या श्लोकासारखे म्हटले जाते.

दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फ उपसताना काका घसरून पडले आणि त्यांचे वरचे पुढचे दोन दात गेले. त्या जागी हाडात टायटॅनियमचे दोन स्क्रू बसवून त्यांवर नवे दात लावले, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही स्वतः हिरड्यांच्या तज्ज्ञ असताना हे काम दुसऱ्या डॉक्टरांकडून झाले, आणि ते तुम्हाला इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या प्रीतामावशींकडून कळले, हे मलाही माहीत आहे. त्याविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मी केवळ त्या दोन दातांविषयी लिहिते आहे.

खोटा दात किडत नाही, म्हणून त्याची निगाही लागत नाही, अशी काकांची पक्की समजूत आहे. बाकीचे दात ते मन लावून घासतात. या दोघांवरून ब्रश नुसता फिरवतात, लग्नात वरपक्षाच्या अनोळखी माणसाला ओझरता नमस्कार करावा तसा. जेवण झाले की खिशातून चांदीचे दातकोरणे निघते. तुमच्या आजोबांचे, एका कडीत कानकोरण्यासह ओवलेले. त्याचे टोक ते थेट नव्या दातांच्या मुळाशी घालतात, आणि मग रुमालावर लाल ठिपका दिसतो.

दवाखान्यात दात साफ करणाऱ्या डेबीबाईंनी गेल्या आठवड्यात बजावले की हिरड्या सुजल्या आहेत. बिघाड अजून हाडापर्यंत गेलेला नाही, त्यामुळे सगळे पूर्ववत होऊ शकते. पण असेच चालले तर हाड झिजेल, आणि मग दोन्ही इम्प्लांट काढावे लागतील. एप्रिलअखेर पुन्हा तपासणी आहे. काकांनी घरी येऊन वरणभात खाल्ला आणि दातकोरणे काढले.

मी काय करावे, ते कृपया कळवा. मी हे पत्र लिहिल्याचे त्यांना ठाऊक नाही. मला लपवाछपवी साधत नाही, तेव्हा ते लवकरच ठाऊक होईल.

आपली नम्र,
सुनेत्रा


ॲन आर्बर, ९ फेब्रुवारी

प्रिय नैनाताई,

तुम्ही मला ‘डॉक्टर-बिक्टर नको’ असे बजावलेत, म्हणून हा बदल. ‘तू’ म्हणायला मात्र अजून थोडा वेळ द्यावा.

तुमचे पत्र पेटीतून काकांनीच काढले. पाकिटाकडे बराच वेळ पाहून त्यांनी ते माझ्या हातात ठेवले. “अजून डाव्या हातानंच लिहिते,” एवढेच म्हणाले. रात्री भाजी वाढताना मात्र त्यांनी विचारले, “काय म्हणते तुझी मैत्रीण?” मी सांगितले की बरी आहे. “मी विचारलं असं कळवू नकोस,” ते म्हणाले. हे मी कळवते आहे, कारण न कळवण्याचे वचन त्यांनी घेतले नव्हते.

तुम्ही लिहिले होते, “बाबांना लेक्चर देऊ नकोस, ते स्वतः जास्त मोठा लेक्चर देतात. फक्त क्वेश्चन विचार, की खांब एकदम चांगला असून पण पूल का पडतो?” काकांनी राज्याच्या रस्ते खात्यात जन्मभर पूल तपासले, हे मला अंधुक ठाऊक होते. या प्रश्नाने काय घडेल याची कल्पना नव्हती.

शनिवारी दुपारी आमटीभात चालला असताना मी तो विचारला. काका एकदम सरसावून बसले.

“अगं, वरचा डेक सगळे बघतात. ट्रक जातात, रंग दिसतो, फोटो निघतो. घोटाळा होतो खाली, पाण्यात. खांबाला काहीसुद्धा होत नाही. त्याच्या बुडाभोवतीची माती वाहून जाते. हळूहळू, कुणाला न दिसता. आणि एक दिवस खांब अगदी शाबूत, आणि पूल खाली! म्हणून आम्ही वेडर्स, ते छातीपर्यंतचे रबरी बूट, घालून पाण्यात उतरायचो. गाळ काढायचा, बुडापाशी हात घालून बघायचं. खांब लोखंडाचा का काँक्रीटचा, तो प्रश्नच—”

इथे ते थांबले. घास हातातच राहिला.

“हे तुला कुणी विचारायला सांगितलं?”

“नैनाताईंनी.”

त्यांनी आमटी संपवली. ताट विसळले. मग खिडकीकडे तोंड करून विचारले, “ते खोकं कुठंय?”

ताई, त्या संध्याकाळचे वर्णन करण्याइतकी माझी लेखणी समर्थ नाही, तरी प्रयत्न करते. ते बाथरूममध्ये कुणालाही येऊ देत नाहीत, तोंडाच्या बाबतीत तर नाहीच. तेव्हा मी बंद दाराबाहेर स्टुलावर बसले. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेचे मी मराठी करून ठेवले होते, ते मोठ्याने वाचू लागले: “टाकीत कोमट पाणी भरावे. धारेचा जोर सर्वांत कमी ठेवावा. नळी हिरडीच्या रेषेपाशी आडवी धरावी. ओठ सैलसर मिटून बेसिनवर ओणवे व्हावे, आणि त्यानंतरच—”

आतून यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. मागोमाग काकांची आरोळी.

“अगं, हे काय! फायर ब्रिगेड आहे का?”

त्यांनी बटण आधी दाबले होते आणि तोंड नंतर मिटले होते. आरसा, छत, त्यांचा सदरा आणि टॉवेल असे सगळेच धुऊन निघाले. मी दाराबाहेर इतकी हसले की स्टूल सरकले. आतूनही हसू ऐकू आले. काकांना मी त्यापूर्वी हसताना ऐकले नव्हते. ते हसतात तेव्हा तोंडावर हात धरतात आणि आवाज आतच दाबतात. दाराआड असल्यामुळे त्या दिवशी हात धरावा लागला नसावा.

आता हा रोजचा पाठ झाला आहे. जेवणे आटोपली की मी स्टुलावर आणि ते बेसिनशी. “चला, पोथी काढा,” असे स्वतःच म्हणतात. माझ्या मराठीची थट्टाही करतात: “‘हिरडीच्या रेषेपाशी आडवी धरावी’, म्हणे! किती छान लिहिलंयस. आम्ही ब्रिज मॅन्युअल असं लिहिलं असतं तर लोकांनी वाचलं तरी असतं.”

दातकोरणे अजून खिशातच आहे. त्याविषयी मी अद्याप काही बोललेले नाही. पोथीत तो अध्याय नाही.

तुमची,
सुनेत्रा


ॲन आर्बर, ६ एप्रिल

प्रिय ताई,

हे पत्र आनंदाचे नाही. ते आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना तुम्ही वाट पाहत बसणार नाही.

मार्चच्या मध्यापासून काकांनी फ्लॉस, म्हणजे पाण्याच्या धारेआधी दातांच्या फटीतून फिरवायचा धागा, बंद केला होता. मला ते उशिरा समजले. रोज पाठ होत होता, आतून पाण्याचा आवाज येत होता, त्यामुळे सगळे यथास्थित आहे असे मी समजत होते. घडले असे की फ्लॉसवर त्यांना रक्त दिसले. त्यांनी इंजिनीअरच्या डोक्याने निष्कर्ष काढला की धाग्याने जखम होते, तेव्हा धागा बंद. आणि धाग्याचे काम पुन्हा दातकोरण्याकडे गेले.

पाडव्याच्या कार्यक्रमात, मंडळाच्या हॉलमध्ये, श्रीखंड-पुरी झाल्यावर ते कोपऱ्यात उभे राहून दात कोरत होते. प्रीतामावशींनी पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “बाळ, अरे तो दात आहे, कुलूप नाही! किल्ली कसली फिरवतोस?”

सगळे हसले. काकाही हसले, तोंडावर हात धरून. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या बाजूची हिरडी चांगलीच सुजली होती. डेबीबाईंनी लगेच बोलावून घेतले. त्यांनी धुऊन, औषध लावून दिले आणि स्पष्ट सांगितले की एप्रिलअखेरीस रक्त थांबलेले नसेल तर हिरडी उघडून आत पाहावे लागेल. “टायटॅनियमला काय होतंय” हे वाक्य त्या दिवसापासून घरात ऐकू आलेले नाही, आणि मला ते चक्क चुकल्यासारखे वाटते.

त्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे स्टुलावर बसले. आत पाणी सुरू झाले नाही. मग दाराआडून ते बोलू लागले. जसे ऐकले तसे लिहिते, कारण मला वाटते की ते मला सांगत नव्हते.

“रेखा गेली तेव्हा नैना दुसरीत होती. तिचे दात कसे घासायचे, केव्हा पडतात, मला काही माहीत नाही. मग मी रोज झोपायच्या आधी तपासायचो. पूल तपासायचा तोच स्टीलचा टॉर्च. ‘आ कर.’ ती एवढा मोठा आ करायची. मी म्हणायचो, डावा खांब ठीक, उजवा खांब ठीक, मधे गाळ आहे, पुन्हा घास. ती खिदळायची. त्यातनंच डेंटिस्ट झाली असेल, कोण जाणे.”

आत यंत्र बेसिनवर ठेवल्याचा आवाज आला.

“आणि मग ती इथे आली, मी पडल्यावर. म्हणाली, बाबा, लेट मी सी. मी हात काढलाच नाही तोंडावरचा. तिच्यासमोर मी आ करायचा? पुढचे दोन दात नाहीत, ओठ सुजलाय. मला नाही जमलं. तिला वाटलं, बाबाला माझ्यावर ट्रस्ट नाही. तसं नव्हतं गं.”

ताई, मी हे तुम्हाला कळवू का, असे दाराबाहेरूनच विचारले. आतून उत्तर आले: “रक्त येतं तेव्हा फ्लॉस करायचा का नाही, ते विचार तिला.” आणि मग, “बाकीचं तुझं तू बघ.”

माझे मी पाहिले, आणि सर्व लिहिले.

तुमची,
सुनेत्रा


ॲन आर्बर, ४ मे

प्रिय ताई,

आधी बातमी, मग व्याकरण: रक्त थांबले!

तुझे उत्तर (पाहा, ‘तू’ आले, आनंदात आले, आता परत घेणार नाही) काकांनी स्वतः उघडले. डोळ्यांवर चष्मा, वर भिंग, आणि तरीही मलाच वाचायला सांगितले. तू लिहिले होतेस, “बाबा, रक्त येते म्हणजे तिथे गाळ आहे. गाळ आहे तिथे काम थांबवतात का? हळू करायचा, पण रोज करायचा.” यावर ते म्हणाले, “‘हळू करायचं’. गाळ शब्द बरोबर वापरलाय मात्र.” दुसऱ्याच वाक्याला त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, त्यामुळे व्याकरणाचा तास तिथेच संपला.

तू सांगितल्याप्रमाणे आता असे चालते. सकाळी आणि रात्री मऊ केसांचा ब्रश, खरखरीत मंजन नाही. रात्री नव्या दाताला धागा मफलरसारखा वळसा घालून, हिरडीत न घुसवता, हलकेच वरखाली. मधल्या फटीत ती बारीक कुंचली, जिच्या तारेवर प्लॅस्टिकचे आवरण आहे, म्हणजे धातूवर धातू घासत नाही. शेवटी पाण्याची धार. सुपारी त्यांनी आपण होऊन सोडली आणि त्याबद्दल चार दिवस सगळ्यांवर रागावले.

दातकोरण्याचा अध्याय असा संपला. तू लिहिले होतेस, “आजोबांचा दातकोरणा फेकू नका, पण तोंडात पण घालू नका.” काकांनी विचारले, “मग कानकोरणं तरी चालेल का, विचार तिला.” मी विचारले नाही. दवाखान्यात वाचायला ठेवलेल्या मासिकात कानाच्या डॉक्टरांचेही मत मी पाहिले होते: कानातही काही घालू नये. ते ऐकून काका म्हणाले, “म्हणजे माझ्या वडिलांनी मला नुसती हत्यारंच दिली होती!” आता त्या चांदीच्या टोकाने आम्ही तुझी पाकिटे उघडतो. इतका सुबक पाकीट-उघडा विद्यापीठाच्या ग्रंथालयातही नाही.

आता मंगळवारची तपासणी. डेबीबाईंनी हिरडीभोवती बारीक पट्टी फिरवून मापे घेतली. त्या आकडे उच्चारत होत्या आणि काका खुर्चीचे हात घट्ट धरून छताकडे पाहत होते. मग डेबीबाई थांबल्या, पुन्हा एकदा फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, “नो ब्लीडिंग, मिस्टर खानविलकर. पिंक ॲज अ बेबी.” हिरडी उघडायची गरज नाही. तीन महिन्यांनी साफसफाईला यायचे आणि हेच चालू ठेवायचे.

“हू टॉट यू?” असे त्यांनी विचारले. काका खुर्चीवरून उठले, नॅपकिन गळ्यातच, आणि बाहेर बसलेल्या सर्व लोकांना ऐकू जाईल असे म्हणाले, “माय डॉटर! शी इज अ गम स्पेशालिस्ट. इन नॉर्थ कॅरोलायना!” हे वाक्य त्यांनी पूर्ण केले, ताई. अर्धवट सोडले नाही. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, “अँड शी इज द लाउडस्पीकर.” डेबीबाईंनी मला काहीतरी विचारले आणि मी त्यांना सगळी पोथी इंग्रजीत सांगितली, दारासकट, स्टुलासकट. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आले की मी अनोळखी माणसाशी बोलले होते.

पार्किंगमध्ये काकांनी कोटाच्या खिशातून सफरचंद काढले. “दोन वर्षं फोडी करून खातोय.” आणि समोरच्या दातांनी त्याचा सरळ लचका तोडला. कर्रकन आवाज झाला. रस हनुवटीवर आला. ते हसले, आणि एका हातात सफरचंद, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली असल्यामुळे तोंडावर धरायला त्यांच्यापाशी हात उरला नव्हता. चांगले हसू आहे गं त्यांचे. उजव्या गालाला खळी पडते, तुझ्या शाळेच्या फोटोत दिसते तशी.

घरी पोहोचेपर्यंत त्यांनी देठसुद्धा शिल्लक ठेवला नाही. गाडी वळवताना म्हणाले, “टायटॅनियमला काय होतंय!” मग लगेच, “सांभाळलं तर.”

तुझी,
सुनेत्रा


ॲन आर्बर, १८ जून

प्रिय ताई,

हे पत्र टपालाने येणार नाही, काकांच्या खिशातून येईल. पाकीट चिकटवूनच देईन. पण दातकोरणे त्यांच्याच ताब्यात आहे, तेव्हा विमानात ते उघडून वाचतील असे धरूनच लिहिते. (काका, पुढचे पान ताईसाठी आहे.)

तू तिकीट पाठवलेस त्या दिवसापासून घरात लगीनघाई आहे. त्यांनी केस कापून घेतले. प्रीतामावशींकडून तुझ्यासाठी मेतकूट मागून आणले. मावशी म्हणाल्या, “अरे, मुलीकडे चाललास का मुलगी बघायला?” फ्लॉस हँडबॅगेत आहे आणि यंत्र मोठ्या बॅगेत, तुझ्या जुन्या स्वेटरात गुंडाळून. तो स्वेटर त्यांनी कुठून काढला मला माहीत नाही.

तिकडे पोहोचल्यावर ते आधी चहा मागतील. मग कॅरीच्या रस्त्यांवर आणि ओव्हरब्रिजवर टीका करतील. मग तुझ्या दवाखान्याच्या पार्किंगवर. तू घाई करू नकोस, पण फार वेळही जाऊ देऊ नकोस. ते तयारी करून येत आहेत. काल सकाळी बाथरूमचे दार उघडे होते. असे ते कधीच नसते. मी जिन्यावरून उतरत होते आणि ते आरशासमोर उभे होते. तोंड मोठे उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहत होते. मला पाहूनही त्यांनी दार लोटले नाही. “बरोबर दिसतंय का गं?” त्यांनी विचारले. मी जवळ गेले आणि पहिल्यांदाच ते दोन दात नीट पाहिले. इतके दिवस मी फक्त त्यांची पोथी वाचत होते. मी म्हटले, “डावा खांब ठीक, उजवा खांब ठीक.” माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी बेसिन पुसायला घेतले.

पुढचे दहा दिवस माझे घर फार शांत असेल. संध्याकाळी जेवण झाल्यावर मी स्टुलावर बसेन असे वाटते, सवय म्हणून.

आज निघण्याआधी बॅग पुन्हा एकदा तपासायची म्हणून त्यांनी ती उघडली, तेव्हा कपड्यांवर तो स्टीलचा टॉर्च दिसला. त्यावरचा रस्ते खात्याचा शिक्का अजून वाचता येतो.

“काका, टॉर्च कशाला? ताईच्या दवाखान्यात खुर्चीच्या वर केवढा मोठा दिवा असतो!”

ते बॅगेची चेन लावत म्हणाले, “असू दे. तिला ह्याचीच सवय आहे.”

सेल नवे घातले आहेत. मी लावून पाहिला. उजेड चांगला पडतो.

तुझी,
सुनेत्रा